मनगटावरचं रक्तदान

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की नुसती बाटली उशाशी ठेवून बघत बसतेस? दाजी कसे आहेत? नुसतं ‘बरे आहेत’ असं कळवू नकोस, जरा नीट कळव. वजन साठाच्या वरच असेल ना? वय छप्पनच ना? गेल्या वर्षात कावीळ, हिवताप असलं काही झालेलं नाही ना? कसली गोळी तर चालू नाही? (सहज विचारतो आहे. मेव्हण्याने दाजींची चौकशी करायची नाही तर कुणी करायची?)

मागच्या पत्रासोबत मी तुला माझा फोटो पाठवला होता आणि दाजींसाठी लाल रबराचा एक पट्टा, ज्याला इथे बँड म्हणतात. तू लिहिलंस की फोटो देवांच्या फळीवर ठेवला आहे आणि दाजी तो बँड आंघोळीलासुद्धा काढत नाहीत. ते वाचल्यापासून मला घास गोड लागत नाही. हे पत्र त्याबद्दलच आहे, पण जरा लांबून येतो, कारण सरळ यायला तोंड नाही.

आमची कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवते आणि मी तिथलं भांडार सांभाळतो, हे तुला माहीत आहेच. बँडचं खूळ आमच्याकडे साहेबांपासून सुरू झालं. साहेबांच्या डाव्या मनगटावर चार बँड आहेत आणि प्रत्येकामागे एकेक दुःख आहे. हिरवा झाडांसाठी. (आवारातल्या झाडाची पानं गाडीवर पडतात म्हणून ते तोडायला लावलं तेही याच साहेबांनी. कुठून तोडायचं ते दाखवताना हिरवा बँड उन्हात छान चमकत होता. कुऱ्हाड मीच भांडारातून काढून दिली, म्हणून डोळ्यांनी पाहिलं.) निळा नद्यांसाठी, पिवळा मुक्या प्राण्यांसाठी. जांभळा कशासाठी ते त्यांनाही आठवत नाही, पण तो सदऱ्याला शोभतो. साहेबांचं पाहून खालच्या मंडळींनी सुरुवात केली, आणि सहा महिन्यांत आमच्या कचेरीत जगातलं एकही दुःख बिनरंगाचं राहिलं नाही.

मग जनसंपर्काच्या मॅडमनी रक्तदान शिबिराची टूम काढली. टूम चांगलीच होती, त्यांना नावं ठेवत नाही. फक्त क्रम जरा उलटा झाला. बँड आधी आले. माझ्याच भांडारात खोकं उतरलं, मीच कात्रीने फोडलं. आत लाल बँड, त्यांवर पांढऱ्या अक्षरांत ‘मी रक्त दिले’ आणि खाली महिना आणि साल. इकडे सभागृहाला रंग द्यायला घेतला होता, त्यामुळे शिबिर पुढे गेलं. पण महिना छापलेला माल किती दिवस ठेवणार? दुधासारखाच तो, नासायच्या आत वाटलेला बरा. म्हणून सगळ्यांना बँड वाटले आणि मुठी वर करून एक फोटो काढला, तुला पाठवलेला तोच. तो इतका झकास आला की शिबिराचा हेतू सफल झाला असं साहेब भाषणात म्हणाले. त्यानंतर शिबिराचा विषय कुणी काढला नाही. सफल झालेली गोष्ट पुन्हा कोण करतो?

आता तू म्हणशील, बाकीच्यांचं राहू दे, तू का घातलास? खरं सांगू का? साहेबांनी दिला म्हणून घातला हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की पहिल्याच दिवशी बसमध्ये एक पोक्त गृहस्थ माझं मनगट पाहून उठले आणि मला म्हणाले, बसा तुम्ही, रक्त दिलंय. आणि ताई, मी बसलो. चार थांबे बसलो. तिसऱ्या थांब्याच्या सुमारास तर मला खरोखरच थोडी चक्कर आल्यासारखं वाटायला लागलं. त्यानंतर मी बाह्या दुमडून बसमध्ये चढू लागलो. फक्त सकाळी देवापुढे अडचण व्हायची. हात जोडले की मजकूर नेमका देवाच्या बाजूला यायचा. मी बँड फिरवून अक्षरं आत घ्यायचो. (देवाला मनगटाच्या आतलं दिसत नाही अशी माझी त्या काळातली श्रद्धा होती.)

आमच्याकडे चहा करणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्या यजमानांच्या पोटात गाठ आहे. ऑपरेशन दोनदा ठरून पुढे गेलं, कारण यजमानांना देतील त्या रक्ताच्या बदली इस्पितळाने चार पिशव्या मागितल्या, गट कुठलाही चालेल म्हणाले, पण मावशींना चार माणसं मिळेनात. आता पुढल्या गुरुवारची तारीख आहे. ती हुकली तर त्यापुढची दोन महिन्यांनी, आणि यजमान तर आत्ताच पातळ खाण्यावर आलेले. हे मावशींनी कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं, त्यांचा स्वभाव मागण्याचा नाही. पण चहाचा ट्रे घेऊन फिरताना त्यांना चाळीस लाल मनगटं दिसली आणि धीर आला. त्यांनी परस्पर इस्पितळात सांगून टाकलं, आमच्या कचेरीतली माणसं देवमाणसं आहेत, चार काय, चाळीस पिशव्या मिळतील.

सोमवारी अकरा वाजता रक्तपेढीचा माणूस आला. नव्या रंगाच्या वासात आम्ही सगळे सभागृहात बसलो. त्याने एकेकाच्या मनगटाकडे पाहिलं, महिना वाचला आणि चक्क हात जोडले. म्हणाला, एका कचेरीत एवढे दाते त्याने जन्मात पाहिले नव्हते. पण पंचाईत अशी, की एकदा रक्त दिलं की निदान तीन महिने पुन्हा घेता येत नाही आणि इथे तर सगळ्यांनी याच महिन्यात दिलेलं. नियमापुढे त्याचा इलाज नव्हता. तो पिशवी उचलून निघालासुद्धा. आणि ताई, चाळीस माणसांपैकी एकानेही त्याला अडवलं नाही. उलट कौतुक झाल्यावर करावा तसा चेहरा करून सगळे खाली बघत होते. साहेब तर हळूच म्हणाले, कर्तव्यच होतं ते.

मावशी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या कुणाला टोमणा मारायला बोलल्या नाहीत, त्यांना खरंच कळत नव्हतं.

“एवढ्या सगळ्यांनी दिलं,” त्या म्हणाल्या, “मग ते गेलं कुठं?”

मी बँडकडे पाहिलं. सकाळी देवापुढे फिरवलेली अक्षरं तशीच आतल्या बाजूला होती, म्हणजे थेट माझ्याकडे. मी उठलो. मोठा धीर वगैरे काही नव्हता, नोकरीची अजून दहा वर्षं डोळ्यांपुढे दिसत होती.

“मी दिलेलं नाही,” मी म्हणालो. “हे खोक्यातून आलंय. खोकं मीच फोडलंय.”

असं बोलून बँड एका झटक्यात काढून टेबलावर टाकावा असा माझा बेत होता. पण तो अंगठ्यापाशी अडकला. मी ओढतोय, तो ताणला जातोय, आणि चाळीस माणसं बघताहेत. शेवटी मनगटावरच्या केसांसकट निघाला आणि उडून साहेबांच्या चहात पडला. (मुद्दाम केलं नाही. देवाशपथ.)

रक्तपेढीचा माणूस मुरलेला निघाला. त्याने कुणालाच काही विचारलं नाही. म्हणाला, मी जरा हात धुऊन येतो, आणि पाच मिनिटं बाहेर थांबला. तेवढ्या वेळात टेबलाखाली जी खुसफुस झाली ती काय सांगू! तो परत आला तेव्हा एकतीस मनगटं उघडी होती. (नंतर झाडलोट करताना कुंडीत सहा बँड सापडले, एक साखरेच्या डब्यात.) पण बँड काढणं वेगळं आणि बाही वर करणं वेगळं. एकाला सुई बघवत नव्हती. एकाने नाश्ता केला नव्हता, तर दुसऱ्याचा जास्त झाला होता. विक्री विभागातल्या एका तरुणाने मागच्याच महिन्यात दंडावर रक्ताचा थेंब आणि त्याखाली ‘देत राहा’ असं गोंदवून घेतलं होतं. पेढीवाला म्हणाला, गोंदवलेल्याचं रक्त वर्षभर चालत नाही. साहेबांना तातडीची बैठक निघाली. जाताना म्हणाले, मी मनाने तुमच्याबरोबर आहे. मन पिशवीत भरता येत नाही म्हणून, नाहीतर चाळीस पिशव्या तिथेच भरल्या असत्या.

शेवटी तीन माणसं उभी राहिली. एक म्हणजे जनसंपर्काच्या मॅडमच. सुई टोचताना त्यांनी मावशींचा हात घट्ट धरला होता आणि डोळे मिटले होते. दुसरी आवक-जावक बघणारी बाई, जिने लाल रंग शोभत नाही म्हणून बँड कधी घातलाच नव्हता. आणि तिसरा फाटकावरचा रखवालदार. तो कंत्राटदाराचा माणूस म्हणून त्याला बँड दिलाच नव्हता. पेढीवाल्याने त्याला नावानेच हाक मारली. हा बाबा दर चार महिन्यांनी सुट्टीच्या दिवशी जाऊन रक्त देऊन येतो, गेली अकरा वर्षं. आम्हाला कुणालाच पत्ता नाही. त्याचा गणवेश पूर्ण बाह्यांचा आहे.

चौथा मी. बोटाला सुई टोचून पेढीवाल्याने माझ्या रक्ताचा थेंब एका निळ्या पाण्यात सोडला. तो बुडला तर रक्त कसदार. माझा थेंब तरंगला. दुसऱ्या बोटाचा घेतला, तोही तरंगला. आजवर मनगटावर एवढं ठळक छापून फिरलो, पण आत लोह नाही, असं तो म्हणाला. मी बाही खाली केली. मावशींनी मला चहा दिला, साखर जास्त घालून. मला तो चहा बसमधल्या त्या जागेपेक्षा जड गेला.

वहिनी तुला नमस्कार सांगते. भाचीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. फोटो देवांच्या फळीवरून काढ. फाडू नकोस, पेटीत तळाशी ठेव. देवाला काय सांगायचं ते मी इथून सांगितलं आहे.

ता. क. काल साहेबांनी नवे बँड आणवले. पांढरे आहेत, वर ‘मी खरे बोलतो’. सोमवारच्या प्रसंगामुळे पहिला मान मला मिळाला. नको म्हणवलं नाही. हे पत्र तो घालूनच लिहितो आहे, आणि लिहिताना तो कागदाला सारखा अडतो.

ता. क. चौथी पिशवी अजून राहिली आहे. मी मावशींना शब्द दिला आहे की माझे दाजी येतील. (फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन दाजी उचलतात.) बुधवारी सकाळच्या गाडीने त्यांना घेऊन ये. सुईचं इथे पोहोचेपर्यंत बोलू नकोस, मेव्हणा आजारी आहे म्हण. तरंगणारा थेंब पाहता ते अगदीच खोटं नाही. भरपेट जेवू घालून आण. आणि गाडीत बसण्याआधी कसंही करून त्यांच्या हातातला तो बँड काढ, नाहीतर पेढीवर दुसरा कुणी असला तर तो त्यांनाही हात जोडून परत पाठवील.