खिडकीतून उतरलेलं चित्र

न्यूयॉर्क, ४ मे १९५१

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

प्रदर्शनात माझं चित्र घेतलंय! अकरा वर्षांनी. पण तुझ्या बहिणीनं गाढवपणा केलाय. कापड जमिनीवर पसरून चहूबाजूंनी फिरत रंगवत गेले आणि त्या नादात जिना विसरले. चौकटीवर ताणल्यावर ते दारातूनच निघेना. गुंडाळावं तर रंगाचे जाड थर तडकतील. प्रदर्शनवाले म्हणतात, मधोमध काप, नाहीतर एखादं छोटं दे. मी दोन्हीला नाही म्हटलं. एकवीस तारखेपर्यंत चित्र पोचलं नाही, तर माझी भिंत दुसऱ्याला जाईल.

आईला सांगू नकोस, रडेल. हसलास तरी चालेल, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
टेक्ला

स्क्रँटन, ९ मे

चि. टेक्ला,
अ. आ.

आईला सांगितलं. ती पोट धरून हसली. आम्ही रंगारी जमिनीवर जे कापड अंथरतो, त्यावर असली चित्रं फुकट उमटतात, हे मी पुन्हा म्हणतो. तुझ्या चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण बावीस वर्षं दोराला लोंबकळून चर्चचे घुमट रंगवलेत. कात्री उचललीस तर माझ्याशी गाठ आहे! खिडकीचं माप कळव, चौकट काढून. एकोणीसला, शनिवारी, कप्पी, दोर आणि आईच्या हातच्या, बटाटा भरलेल्या पिरोगी घेऊन येतो.

तोवर नीट जेवत जा, एवढं ऐक.

तुझा दादा,
मिखाल

न्यूयॉर्क, २४ मे

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

चित्र भिंतीवर आहे! उद्घाटनाला न थांबता पळालास, त्याचा राग अजून आहे. खिडकीबाहेर वाऱ्यानं चित्र गरकन फिरलं तेव्हा माझा जीवच गेला. खालचा फळवाला ओरडत होता की सोडून दे, हात तुटतील. तू सोडलं नाहीस. तळहातांना मलम लावतोस ना?

एका टीकाकारानं लिहिलंय, हे रंगाऱ्याचं अंथरायचं कापड दिसतं. कात्रण दाराला चिकटवलंय आणि याहून मोठं चित्र सुरू केलंय. या वेळी आधी खिडकी मोजली.

आईला माझा पापा दे, आणि तुझा लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
टेक्ला

स्क्रँटन, ३० मे

चि. टेक्ला,
अ. आ.

हात बरे आहेत. त्या टीकाकाराला कळव, ते आधी मी म्हटलं होतं.

काल एका डॉक्टरांच्या घरी काम होतं. नेहमीचं जुनं कापड अंथरलं. इतकी वर्षं त्यावर बुटांनिशी नाचलो, काल पाय ठेववेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. दिवसभर कडेकडेनं चालत राहिलो, एकच खोली झाली.

पुढचं चित्र उतरवायचं असेल तेव्हा हाक मार.

तुझा दादा,
मिखाल