टँकमधली टकटक

३ फेब्रुवारी, सोमवार

गोळ्या बंद केल्या. आज चौथा दिवस. हात थरथरायचे थांबले! प्रवाळाचा तुकडा दगडावर एका दमात चिकटवला. गोळ्या चालू होत्या तेव्हा तीनदा हातातून निसटला होता. डॉक्टरीणबाईंना सांगणार नाही. त्या म्हणतील, "ओटिलिया, हात थरथरले तरी चालतील." त्यांचं काय जातंय? वेल्डरचे हात आहेत माझे. गोदीत अकरा वर्षं ह्याच हातांनी जहाजं शिवली.

नोव्हेंबरात ह्याच हातांनी फोरमनवर हातोडा फेकला. कानाजवळून गेला. तेव्हापासून रजा, डॉक्टर, घर. घरात मी, बाबा आणि माशांच्या टँकमधलं तीनशे लिटर खारं पाणी.

पाणी बदललं. बाबा खुर्चीतून — "समोर अख्खा समुद्र पडलाय, आणि ही बाई बादलीत मीठ कालवतेय! अक्कल कुठे गहाण टाकलीस गं?" दर सोमवारी हेच. आमचा काळा समुद्र अळणी, ह्या माशांना दुप्पट मीठ लागतं, हे शंभरदा सांगून झालंय. त्यांना कळतं. त्यांना फक्त बोलायचं असतं. अर्धांगवायूने डावी बाजू गेली, जीभ तेवढी शाबूत राहिली.

५ फेब्रुवारी

टँकमधून आवाज येतो. टक. मग टक-टक. कुणी आतून काचेवर नखाने मारावं तसा. पंप बंद करून ऐकलं. तरी येतो.

६ फेब्रुवारी

बाबांना विचारलं. "ऐकू येतंय का?"

"काय?"

"टकटक. टँकमधून."

मान वाकडी करून ऐकल्यासारखं केलं. "नाही बुवा. काहीच नाही." आणि माझ्याकडे ती नजर. — "परत सुरू झालं का तुझं?"

नोव्हेंबरात भिंतीतून आई हाका मारायची. आई जाऊन आठ वर्षं झाली. म्हणजे मला ऐकू येणाऱ्या गोष्टींचा भरवसा नाही, हे मला माहीत आहे. त्यांनाही.

८ फेब्रुवारी

टक. टक. टक. कानात कापूस घातला. कापसातूनही!! स्वयंपाकघरात गेले तरी वाटतं की येतंय.

शेजारच्या अग्लाया काकू चोर्बा, आंबट सूप, घेऊन आल्या. हाताला धरून टँकपाशी नेलं त्यांना. त्या बराच वेळ काचेला कान लावून उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बाळा, कानाचं मशीन घरीच विसरले की मी." हसावं की रडावं!

टँकमधल्या चार गोगलगायी मेल्या. शंख फुटलेले. काय होतंय?

९ फेब्रुवारी

माझ्या हातून फुटले असतील का? मला आठवत नाहीये का?

११ फेब्रुवारी

बाबांना चोर्बा भरवत होते. चमचा तोंडात गेला आणि वाटलं — असाच आत ढकलावा. घशापर्यंत. पार मुठीपर्यंत. चमचा दातांवर आपटला. ते ओरडले, "जनावर आहेस!"

ह्याच माणसाने आईचा हात दाराच्या चौकटीत धरून दार लावलं होतं. मी नऊ वर्षांची, टेबलाखाली. हाड मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो. आई दुसऱ्या दिवशी उजवा हात गळ्यात बांधून डाव्या हाताने मक्याच्या पिठाचा मामालिगा घोटत होती आणि हे म्हणाले होते, "गुठळ्या राहिल्यात."

ह्यांना मी आंघोळ घालते. नखं कापते. का? मलाच माहीत नाही.

१३ फेब्रुवारी

पिवळा टँग मासा मेला. माझा टँग! तीन वर्षं माझ्या बोटांतून पालक खायचा. बरगडीपाशी भोक पडलं होतं, आतलं बाहेर आलेलं. दोन्ही क्लाऊनफिश आपल्या समुद्रफुलाच्या डंखणाऱ्या झुबक्यात घुसून बसल्यात, बाहेर येत नाहीत.

ताटं फोडली. सहा. एकेक करून, सिंकच्या कडेवर. बाबा — "सातवं राहिलं."

सातवंही फोडलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

इस्पितळ. मनोरुग्ण विभाग. कागद मागून घेतला. काल झालेलं आज लिहिते. सगळं लिहायचं, काही वगळायचं नाही.

काल सकाळी टँकसमोर बसले होते. हलायचं नाही, असं ठरवूनच. पाऊण तासाने मोठ्या दगडाच्या भोकातून दोन डोळे वर आले. दांड्यांवरचे, वेगवेगळे फिरणारे. मँटिस कोळंबी, ठोशाने शंख फोडणारी! विकत आणलेल्या दगडातून लपून आली असणार, आणि आत मोठी झाली. गोगलगाय जवळून सरकली. टक! शंखाचा चुरा.

म्हणजे आवाज खरा होता. माझं डोकं ठीक होतं! रडायलाच आलं.

दगड उचलून सिंकमध्ये ठेवला आणि सिरिंजने भोकात सोड्याचं पाणी मारलं. ती बाहेर आली. बोटाएवढी, हिरवी, सुंदर. मी पकडायला गेले तर तिने अंगठ्यावर ठोसा मारला. नखासकट अंगठा उभा फाटला. रक्त. मग मी हातोडा घेतला. पहिल्याच घावात ती मेली. मला दिसलं की ती मेली. तरी मी मारत राहिले. लगदा झाला, लगद्याचं पाणी झालं, सिंकला तडा गेला, दगडाचे तुकडे तोंडावर उडाले. मारताना ओरडत होते, "मला ऐकू येत होतं! मला ऐकू येत होतं!"

मागून बाबा हसले.

"मलाही येत होतं की. पहिल्या दिवसापासून. बघत होतो, तुला किती दिवस लागतात."

मी विचारलं, "का?"

"घरात काही करमणूक नको का माणसाला?"

हातोडा खाली ठेवला. हे मला नीट आठवतंय, मी तो खाली ठेवला. मग त्यांना कॉलरला धरून खुर्चीतून उचललं. हलके झालेत फार. फरफटत टँकपाशी नेलं, वरचं झाकण उडवलं आणि मान धरून डोकं पाण्यात दाबलं. कानापर्यंत. मग खांद्यापर्यंत. उजवा हात काचेवर आपटत होता. पाणी माझ्या अंगावर, जमिनीवर, दिव्यात. माझ्या अंगठ्याचं रक्त त्यांच्या पांढऱ्या केसांतून पाण्यात पसरत होतं. काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता. डोळे उघडे. मोठी क्लाऊनफिश समुद्रफुलातून बाहेर आली आणि त्यांच्या गालाला चावू लागली, स्वतःचं घर राखायला. एवढीशी मासोळी!

मला बरं वाटत होतं. हेही लिहायचं. मला फार बरं वाटत होतं.

हात काचेवर आपटायचा थांबला तेव्हा मी सोडलं. दया आली म्हणून नाही. हात थांबला म्हणून घाबरले.

जमिनीवर पालथं करून पाठीवर मारलं. पाणी ओकले, खोकले. तोवर अग्लाया काकू दारात. मशीन कानात. सगळं ऐकलं असणार. त्यांनीच इस्पितळाची गाडी बोलावली.

गाडीवाल्यांना बाबा म्हणाले, "तोल गेला. टँकमध्ये पडलो."

मी म्हटलं, "खोटं आहे. मी बुडवलं. मला घेऊन जा."

बाबा माझ्याकडे बघत राहिले.

१८ फेब्रुवारी

गोळ्या परत सुरू. अंगठ्याला सात टाके. पोलीस येऊन गेला. बाबांनी तक्रार द्यायला नकार दिला म्हणे. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "हात थांबला नसता तर?"

उत्तर दिलं नाही. येत होतं.

१९ फेब्रुवारी

झोप. झोप. झोप.

२३ फेब्रुवारी

टँक मेला असणार. त्यात रक्त, फुटका दिवा, वर आठ दिवस कुणी मीठ तपासलेलं नाही. आधी प्रवाळ पांढरे पडतील, मग क्लाऊनफिश. डोळे मिटले की तेच दिसतं. बाबा जिवंत आहेत ह्याचं नाही, मासे मेले ह्याचं रडू येतं. हे सांगितलं तर मला इथून कधीच सोडणार नाहीत.

सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिहून ठेवा." ठेवलं.

२७ फेब्रुवारी

अग्लाया काकू येऊन गेल्या. लोणच्याच्या मिरच्या आणल्या होत्या. बाबांचं विचारलं तर "जेवतात" म्हणाल्या. टँकचं विचारलं तर खिडकीबाहेर बघायला लागल्या. परत विचारायची हिंमत झाली नाही.

४ मार्च

व्हरांड्यातल्या फोनवर बाबा. स्वतः.

"मासे जगलेत," म्हणाले. "अग्लाया बादल्या उचलते, मी मीठ मोजतो. एक प्रवाळ गेलं. बाकीचं बरं आहे."

कुठलं प्रवाळ, ते विचारलं. त्यांना नाव माहीत नव्हतं.

"शुक्रवारी सोडतायत म्हणे तुला."

"हो."

"इकडे येऊ नकोस."

मला वाटलं, शिवी येणार.

"मला भीती वाटते गं तुझी, ओटिलिया."

तीस वर्षं ह्या माणसाच्या तोंडून हे एक वाक्य ऐकायचं होतं मला. ऐकलं. फोन ठेवला आणि संडासात जाऊन ओकले. आईने हे त्यांना कधी म्हटलं नाही. तिची हिंमतच झाली नसणार.