प्लेगसारखं टाळणं

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही शिळा होत नाही. त्या वर्षी पोळ्याच्या आधी तुम्ही फळ्यावर लिहिलंत, ‘अव्हॉइड लाइक द प्लेग’. प्लेगसारखं टाळणं. विलायतेत साथ आली की आजाऱ्याच्या दारावर तांबडी खूण करायचे, धडधाकट माणसं शहर सोडून पळायची, त्यातून हे बोलणं आलं, असं तुम्ही रंगवून सांगत होतात. मी हात वर केला. “सर, आमची आजी म्हनती, उंदीर मरून पडले की अख्खं गाव रानात ऱ्हायला जायचं.” तुम्ही लई खूश झालात. म्हणालात, “शाब्बास! पर आता कुठला आलाय प्लेग?”

पोळ्याला मी गावी गेले आणि आमच्या बीडकडच्या भागात खरंच उंदीर पडले. शिकायला परळीला मावशीकडे राहायचे, तिथं परतले. वर्गात पाऊल टाकते तोच तुम्ही नाकाला रुमाल लावलात.

“गावी गेलतीस का गं?”

“हो सर.”

“ताप हाय का?”

“न्हाई सर. हात लावून बघा की.”

हात कसला लावताय! दोन पावलं मागं सरलात. “भायेर बस, वऱ्हांड्यात. खिडकीतून ऐकू येतं.”

पंधरा दिवस मी तिथं बसले. थर्मलच्या वीजकेंद्राची राख वहीवर पडायची, ती फुंकून लिहायचे. पोरी वळसा घालून जायच्या. भीती सगळ्यांनाच होती, मला कळत नव्हतं का? पण घरचे माझं लग्न उरकायला निघाले होते, तेव्हा “पोरगी हुशार हाय, शिकू द्या” म्हणून वडिलांशी भांडलेले तुम्हीच ना?

साथ ओसरली, मी आत आले. तुम्ही पुढचा धडा सुरू केलात. चाचणीत तोच वाक्प्रचार आला, वाक्यात उपयोग करा. मी लिहिलं, माझ्या सरांनी मला प्लेगसारखं टाळलं. वाटलं, आता तरी बोलावतील, निदान एक कानफटात देतील. तुम्ही दोनपैकी दोन गुण दिलेत आणि लाल शाईनं लिहिलंत, ‘वाक्य बरोबर’. किती कोडगं असावं माणसानं!

आता मीही इंग्रजीच शिकवते. तुमच्या शेवटच्या दुखण्यात तुम्ही निरोप धाडलात, एकदा येऊन जा. मी उलट कळवलं, अंगात ताप आहे, तुम्हाला बाधेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा माणूस आला, सर विचारतायत, ताप उतरला का? मी दारातूनच सांगितलं, अजून नाही. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. हे पत्र आता कुठं टाकणार, वहीतच राहील.

मला ताप नव्हता, सर.