दोनशे पंचवीस मिलिमीटर

३ सप्टेंबर २०१६, शनिवार. नागोया.

निर्णय झाला. गाडीला सतरा इंची अलॉय व्हील्स आणि रुंद टायर. दिवाळीच्या आत.

गाडी २००८ची, पांढरी, छोटी. ऑफिसातला विश्वनाथ कायमचा पुण्याला परत गेला तेव्हा त्याच्याकडून घेतली. इंजिन उत्तम. पण मागून पाहिलं की टायर सायकलचे वाटतात. आज इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी-मीटिंगला नचिकेतने त्याची गाडी माझ्या गाडीशेजारी लावली. नचिकेत माझा ज्युनिअर, वय सत्तावीस, टायर हे असे रुंद. मुद्दाम लावली असं म्हणत नाही. तेवढी एकच जागा रिकामी होती. पण लावली.

मोटारींच्या गावात तीन वर्षं काढली आहेत. आमचं सॉफ्टवेअर सीटकव्हरच्या स्टॉकचं असलं तरी इंडस्ट्री मोटारीचीच. मला जमणार नाही तर कोणाला जमेल?

घरी येऊन बायकोला, कल्पनाला सांगितलं. म्हणाली, मला एक नोव्हेंबरपासून गाडी रोज लागणार आहे, तेवढं लक्षात ठेव. तिला वयस्कर लोकांच्या कुठल्याशा डे-केअर सेंटरमध्ये नोकरी लागली आहे. तिकडे बस तासाला एक. अर्थात आधी इथलं लायसन्स व्हायला हवं. आपलं भारतातलं बदलून घेताना प्रॅक्टिकल टेस्ट द्यावी लागते. मी म्हटलं, अगं, तुझ्या सेफ्टीसाठीच तर रुंद टायर. ती स्वयंपाकघरात गेली. म्हणजे पटलं.

४ सप्टेंबर, रविवार

रिसर्च सुरू.

आपल्या टायरवर १८५/६० आर १५ असं लिहिलंय. १८५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० ही उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. १५ म्हणजे आतली रिम, ती इंचात. एका टायरवर तीन तऱ्हेची मापं. हे ज्याने ठरवलं त्याला आमच्या ऑफिसात एक दिवस टिकू दिलं नसतं.

एक्सेल शीट केली. नाव दिलं 'फायनल'.

११ सप्टेंबर, रविवार

शीटचं नाव आता 'फायनल ४'.

सगळ्या जपानी साइट्स सांगतात की या गाडीला १९५, फार तर २०५ किंवा २१५, तेही योग्य रिमवर. जपानी माणूस जपून बोलतो. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास सांगतो. तो २१५ म्हणतोय म्हणजे २२५ आरामात बसणार.

नचिकेतला सहज विचारलं. म्हणाला, राजीवसर, रुंदीपेक्षा आधी ऑफसेट बघा. ऑफसेट म्हणजे रिम गाडीच्या किती आत बसते आणि किती बाहेर येते ते. बारीक गोष्ट आहे. शीटमध्ये कॉलम केला आहे. भरायचा आहे.

१७ सप्टेंबर, शनिवार

रिम्स आल्या. ऑनलाइन लिलावात मिळाल्या, ओसाकाहून. सतरा इंची, काळ्या, आठ इंच रुंद. आपल्या जुन्या सहा इंच. फोटोत दिसल्या त्याहून मोठ्या आहेत. हॉलमध्ये ठेवल्या होत्या, कल्पनाने संध्याकाळपर्यंत बाल्कनीत न्यायला सांगितल्या. आता कपडे वाळत घालताना एका रिमवर उभं राहावं लागतं. कल्पनाची उंची कमी, तिला उलट सोयच झाली.

बुधवारी कल्पनाची पहिली टेस्ट झाली. नापास. डावीकडे वळताना मान वळवून बघितलं नाही म्हणे. तिला दोन तास गायडन्स दिला. स्वतःचं उदाहरण दिलं. मी दुसऱ्या वेळी पास झालो होतो. त्याआधीच्या दोन मोजायच्या नाहीत. एकदा पाऊस होता आणि एकदा परीक्षक.

२२ सप्टेंबर, गुरुवार. सुट्टी.

टायरच्या दुकानात गेलो. मालक ओगावा-सान, पासष्टीचे असावेत. दुकान छोटं, पण माणूस चाळीस वर्षं टायरच बसवतोय. त्यांना गाडी दाखवली, रिमचा फोटो दाखवला आणि सांगितलं की २२५ टाकायचे आहेत.

त्यांनी दातांतून हवा आत ओढली, मान तिरकी केली आणि म्हणाले, चोत्तो...

चोत्तो म्हणजे थोडं. थोडं काय? बराच विचार केला. २२५ थोडं कमी पडेल असं त्यांना सुचवायचं असावं. कबूल, पण २३५ म्हणजे अतीच होईल. मी ठामपणे सांगितलं, २२५च. त्यांनी पुन्हा हवा ओढली आणि कॅटलॉग पुढे केला. भाषा येत असली की कामं अशी होतात.

६ ऑक्टोबर, गुरुवार

कल्पना दुसऱ्यांदा नापास. या वेळी रस्त्याच्या डाव्या कडेपासून अंतर जास्त ठेवलं. परीक्षकाने काय काय सांगितलं ते तिने वहीत लिहून काढलंय. टेस्टच्या ट्रॅकचा नकाशाही काढलाय, कुठल्या कोपऱ्यात काय करायचं तो. मी म्हटलं, वहीतून ड्रायव्हिंग येत नसतं. तेवढ्यात माझी शीट हँग झाली.

पुढची टेस्ट २० तारखेला, सकाळी. मी अर्धी रजा घेऊन स्वतः सोडणार आहे. नव्या टायरवर. सांगून टाकलं.

८ ऑक्टोबर, शनिवार

टायर आले. २२५/४५. ओगावा-साननी ते रिमवर चढवून दिले, पण गाडीला लावून द्यायला नाही म्हणाले. नाही असं नाही म्हणाले. परत चोत्तो म्हणाले आणि छातीपुढे हातांची फुली केली. बहुतेक त्यांना दुसऱ्या कोणाची गाडी कामाला घ्यायची होती. हरकत नाही. चाक लावायला काय लागतं? जॅक आणि पाना.

दोन खेपा करून घरी आणले. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने. आता बाल्कनीत जाता येत नाही.

१० ऑक्टोबर, सोमवार. सुट्टी.

लागले. चारही. सकाळी नऊ ते दुपारी तीन. पाठ गेली.

पण काय दिसतेय गाडी. खांदे रुंद झाल्यासारखी. मितालीला खाली बोलावलं. नऊ वर्षांची पोर, कौतुकाचे दोन शब्द बोलेल असं वाटलं. तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, हामिदेतेरु. तिला म्हटलं, मराठीत बोल. म्हणाली, बाबा, बाहेर आलंय.

मडगार्डच्या बाहेर चाक थोडं येतंय, हे खरं. दोन बोटं. चालवताना सरळ रस्त्याला काही नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की घर्र असा आवाज. नवी चप्पलही पहिले चार दिवस चावते. घासून बसेल.

जुनी चाकं बाल्कनीत. म्हणजे बाल्कनीचं तसंच आहे.

१५ ऑक्टोबर, शनिवार

घर्र कमी होत नाही.

ऑफसेटचा कॉलम भरला. जुन्या रिमपेक्षा नवी रिम पस्तीस मिलिमीटर बाहेर येते. शिवाय टायरचा व्यास तीन सेंटिमीटर जास्त. म्हणजे स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टने जात असते. कल्पनाला सांगितलं की आता ऑफिसला लवकर पोचू. तिने विचारलं, मग पोलिसाला काय सांगायचं?

मी शीट बंद केली. ती नको त्या वेळी नको ते विचारते.

शाकेन, म्हणजे गाडीची सरकारी तपासणी, तिची मुदत २९ तारखेला संपतेय. ती झाली नाही तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. ओगावा-सान ते कामही करतात. २२ची वेळ घेतली. फोनवर गाडीचा नंबर सांगितल्यावर पलीकडून हवा आत ओढल्याचा आवाज आला.

२० ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ११.

हे लिहून ठेवायला हवं, कारण यात माझी काही चूक नाही.

सव्वासातला निघालो. कल्पना पुढे, मिताली मागे, तिला शाळेत सोडून पुढे टेस्टला जायचं होतं. पार्किंगच्या तोंडाशी कुरिअरची गाडी उभी होती. तिला चुकवायला स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं. घर्र. मग फट्ट. मग गाडी पुढे जाईना. मागेही जाईना. चाकाने मडगार्डच्या आतलं प्लास्टिक फाडून स्वतःभोवती गुंडाळून घेतलं होतं. गाडी बरोबर गेटमध्ये आडवी. आतून तीन गाड्या बाहेर यायच्या थांबलेल्या, कुरिअरवाला आत अडकलेला. एकही माणूस हॉर्न वाजवत नव्हता. ते जास्त वाईट.

मी खाली वाकून प्लास्टिक ओढत होतो. कल्पनाला म्हटलं, पाच मिनिटं. तिने घड्याळ बघितलं. बाहेर आली, थांबलेल्या तिन्ही गाड्यांपुढे जाऊन वाकून माफी मागितली. मग मितालीचा हात धरला आणि मेट्रोच्या दिशेने चालायला लागली. रागावली असती तर काही बोलता आलं असतं. तिने फक्त सांगितलं की पोळी-भाजी फ्रिजमध्ये आहे.

शेवटी चार शेजाऱ्यांनी आणि कुरिअरवाल्याने मिळून ढकलली. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी मला ओला टॉवेल आणून दिला.

त्याच दिवशी, दुपारी २

कल्पनाचा मेसेज. पास.

तिसऱ्याच वेळेला. माझ्या गायडन्सचा उपयोग झाला.

तिला तसं लिहिलं.

२२ ऑक्टोबर, शनिवार

ओगावा-सानकडे गेलो. मुद्दाम हळू. उजवं वळण एकही न घेता गेलो, त्यामुळे वीस मिनिटांच्या रस्त्याला पन्नास मिनिटं लागली. कल्पना म्हणाली, मी येते. मी म्हटलं, टेक्निकल बोलणं असणार. तरी आली. जुनी चाकं मागच्या सीटवर आणि डिकीत तिनेच भरून घेतली होती. विचारलं, कशाला? तर म्हणाली, असू देत.

ओगावा-साननी एका दोऱ्याला नट बांधला आणि दोरा मडगार्डच्या कडेवरून खाली सोडला. नट टायरवर टेकून राहिला. तो मोकळा खाली लोंबायला हवा म्हणे, टायरला न लागता. चारही चाकांना तेच. एवढा रिसर्च केला, एवढी शीट केली, आणि हा माणूस दोऱ्याने निकाल लावतो.

मी त्यांना मुद्दे सांगायला सुरुवात केली. ग्रिप, कॉर्नरिंग, पावसातलं ब्रेकिंग. ते मान डोलवत होते. मग त्यांनी पुन्हा हवा ओढली आणि म्हणाले, चोत्तो...

कल्पना मराठीत, हळू आवाजात म्हणाली, राजीव, ते नाही म्हणतायत. मी म्हटलं, चोत्तो म्हणजे थोडं. ती म्हणाली, चोत्तो म्हणजे नाही. पहिल्या दिवसापासून ते तुला नाहीच म्हणत असणार.

मग ती ओगावा-सानशी बोलली. पाच मिनिटं. काही वाक्यं मला कळली. जुनी चाकं लावा. फाटलेलं प्लास्टिक बदला. पुढचे टायर झिजलेत का तेवढं बघा. या गाडीला कुठली रुंदी बरोबर, हे तिने विचारलं. त्यांनी ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला चिकटवलेला कागद दाखवला. तिथे छापलेलं होतं. १८५.

सात आठवडे मी ते दार उघडतोय.

ओगावा-सान हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. शेडमध्ये वाकून पाने-जॅक गोळा करायला लागले. कल्पनाने त्यांची मुलाखत घेतल्यासारखं आणखी काहीबाही विचारलं. निघताना ते तिला दारापर्यंत सोडायला आले. चाळीस वर्षांत एवढे नीट प्रश्न कोणी विचारले नव्हते म्हणाले. की मला तसं ऐकू आलं.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

शाकेन झालं. काही शेरा नाही.

रिम्स आणि टायर परत लिलावाला टाकले. वर्णनात लिहिलं, फारच कमी वापर. हे मात्र शंभर टक्के खरं.

३० ऑक्टोबर, रविवार

मंडळाची दिवाळी. हॉलच्या पार्किंगमध्ये नचिकेतने विचारलं, राजीवसर, टायर काढले? सांगितलं, स्टडी केला, १८५च ऑप्टिमम आहे. तो म्हणाला, बरोबर आहे तुमचं. आणि खरंच तसं वाटून म्हणाला. त्याचा थोडा राग आला.

येताना कल्पनाने चालवली. मिताली पुढे बसली. मी मागे, चकलीचा डबा मांडीवर.

१ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ८.४०, मेट्रोमध्ये.

कल्पनाचा पहिला दिवस. मला स्टेशनपर्यंत सोडते म्हणाली.

घर ते स्टेशन नऊ मिनिटं. मी आधी रस्त्याकडे बघत होतो, काही सांगायला लागेल म्हणून. काही सांगायला लागलं नाही. मग बोलायचं म्हणून विचारलं, तिथे तुला नेमकं काय करायचं असतं?

तिने सांगितलं. सेंटरला अठ्ठावीस जण येतात. त्यात एक आजी आहेत, एक्क्याण्णव वर्षांच्या. घर उत्तरेला, समुद्राकाठी होतं. भूकंपानंतरच्या लाटेत ते गेलं. तेव्हापासून इथे मुलीकडे. पाच वर्षांत कोणाशी फारशा बोललेल्या नाहीत, आणि गेलं वर्षभर चालायच्याच थांबल्या होत्या. मुलाखतीच्या दिवशी कल्पना त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि पुण्यात पेशंटचं करायची तसं त्यांचा पाय हातात घेऊन हळूहळू हलवत राहिली. वीस मिनिटं. मग त्या तिच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. मॅनेजरने तिथेच विचारलं, कधीपासून येऊ शकाल? पुण्यात आठ वर्षं फिजिओथेरपी केली, इथे ती डिग्री चालत नाही, पदाचं नाव नुसतं मदतनीस. तरी त्या आजी रोज विचारतात म्हणे, ती इंडियाची मुलगी एक तारखेला नक्की येणार ना.

मी म्हटलं, हे मला का नाही सांगितलंस?

म्हणाली, सांगितलं होतं. तू ऑफसेटचा व्हिडिओ बघत होतास. मध्ये दोनदा हो म्हणालास.

एवढ्यात स्टेशन आलं. काहीतरी चांगलं बोलायचं होतं. ऑल द बेस्ट म्हटलं आणि उतरलो.

थोडं पुढे गेल्यावर मागून हॉर्न. वळून बघितलं तर कल्पना काच खाली करून खूण करत होती. माझ्या बाजूचं दार नीट लागलं नव्हतं.

परत जाऊन लावलं.