हसू ओसरेपर्यंत

क्रॉयडन,
१४ नोव्हेंबर १९३४

प्रिय हंफ्री,

तू, तुझी बहीण आणि तिचं ते चावरं कुत्रं, तिघंही व्हिटबीत खुशाल आहात असं धरून चालते. विचारण्यात अर्थ नाही. आधीच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही.

आपल्या नाटकाचा बोलपट लागला. इतकी वर्षं गावोगाव ज्या प्रेताभोवती आपण चहा दिला, ते आता पडद्यावर आहे आणि सगळ्यांत चांगलं काम त्याचंच झालंय. बटलर म्हणून तुझ्या जागी एक देखणा गडी घेतलाय. किटली पिस्तुलासारखी धरतो.

मोलकरीण मात्र मीच, आणि चित्रीकरणात माझी पहिल्याच दिवशी फजिती. "प्रेत कोठीत आहे, बाईसाहेब, आणि चहा गार होतोय," एवढं म्हणून मी सवयीने थांबले.

दिग्दर्शक ओरडला, "काय झालं? वाक्य विसरलात?"

"नाही. हशा यायचाय."

"कुणाचा? दिवेवाल्याचा? अहो बाई, इथे प्रेक्षक नाहीत. चला पुढे!"

गेले पुढे. थांबायच्या सगळ्या जागा त्याने गाळून टाकल्या.

काल घरमालकीण मिसेस टिपेटला घेऊन बोलपट पाहिला. त्या वाक्याला लोक असे हसले, हंफ्री, की ब्रॅडफर्डचे प्रयोग आठवले. आणि त्या हशात बटलरचं पुढचं वाक्य साफ बुडालं: "डॉक्टरसाहेबांचे बूट मात्र ओले आहेत." खुनी ज्याच्यावरून सापडतो, नेमकं तेच! तू ट्रे धरून पुतळ्यासारखा उभा राहायचास, हसू ओसरलं की मगच बोलायचास. हा देखणा बोलून मोकळा झाला होता. शेवटी डॉक्टरला बेड्या पडल्या, तर लोक एकमेकांना विचारतायत, "याला का धरलं?" मिसेस टिपेटच्या मते खून कर्नलनेच केला. "अगं, तोंडावरूनच दिसतं मेल्याच्या!"

आता त्या दिग्दर्शकाला पुढच्या बोलपटासाठी लोक कुठे हसतात हे कळणारा माणूस हवाय. मी तुझं नाव दिलं. तो लिहील तुला. काम घे, नाहीतर नको घेऊस. हे पत्र त्यासाठी नाही.

शेवटच्या प्रयोगानंतर, विंगेत, हातात ट्रे आणि अर्धी सुटून लोंबणारी खोटी मिशी, अशा अवतारात तू मला लग्नाचं विचारलंस. मी हसले. अरे, त्या मिशीपुढे बिशपसुद्धा हसला असता! पण जन्मात कधी हशा ओसरण्याआधी न बोललेला माणूस तू, त्याच एका वेळी थांबला नाहीस. ट्रे ठेवलास आणि मागच्या दाराने निघून गेलास. माझं पुढचं वाक्य राहूनच गेलं.

ते अजून माझ्यापाशी आहे. टपालाने पाठवायचं नाही ते. समोर येऊन उभा राहा, म्हणजे म्हणते. मिशी लावलीस तरी चालेल.

हसून झालेली,
डल्सी