साखराबाईंची अडकलेली फाइल

४ मे, लातूर
पोचलो. बसमध्ये झोप छान झाली, नाश्ताही बरा मिळाला. हॉटेलसमोर क्लासचा अजस्र फलक. त्यावर भावी डॉक्टरांचे पासपोर्ट साइज चेहरे. या गावात पाणी टँकरने येतं आणि डॉक्टर कारखान्यातून निघतात.

काम पोरखेळ आहे. पॅथॉलॉजी लॅबमधलं मशीन रक्ताच्या प्रत्येक नमुन्याची फाइल फोल्डरमध्ये टाकतं. आमच्या पुण्याच्या कंपनीची सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, ती उचलून रिपोर्ट बनवते. ती सर्व्हिस ठप्प आहे. होस्टेलांमध्ये कावीळ पसरलीय, आईबाप दारात उभे आहेत, आणि लॅबच्या मालकीण डॉ. उज्वलांची माणसं रिपोर्ट हाताने टाइप करतायत. मशीन बंद करून चालू करावं, एवढंही सुचलं नसेल कुणाला.

५ मे
रांगेत सगळ्यांत पुढे एकच फाइल अडकलीय. साखराबाई, गाव किल्लारीकडचं. सर्व्हिस ती उचलते, तिथेच थांबते. मी फाइल उडवली. चहा पिऊन आलो तर परत हजर, नवे आकडे घेऊन. नमुना कुणीच लावलेला नव्हता.

लालमहंमद नावाचा जुना टेक्निशियन आहे. म्हणाला, ही बाई त्र्याण्णवच्या भूकंपात ढिगाऱ्याखाली दबली होती. रक्त चढवायचं म्हणून गट तपासायला यानेच तिचं रक्त घेतलं. ती पाणी मागत होती. मग उरलेली भिंत तिच्यावर कोसळली. लॅबमध्ये हे मशीन आल्यापासून तिची फाइल अधूनमधून येते. हे लोक तिला हात न लावता हाताने टाइप करत बसतात, आणि काही दिवसांनी ती आपोआप रांगेतून बाजूला सरते.

“अडकली हाय तवर जित्ती हाय, सर. राहू द्या तिला.”

बाईंना वेटिंगमध्ये खुर्ची टाकू का, मी विचारलं. “टाका की,” म्हणाला, “पुण्याची मान्सं लई मायाळू.”

६ मे
तिचं सोडियम, युरिया सारखं वाढतंय. पाण्यावाचून तडफडणाऱ्या शरीराचे आकडे, असं डॉ. उज्वला म्हणतात. मी म्हणतो, भंगार मशीन.

नाव-गाव रकान्यात मावत नसेल, असा संशय आला. टेस्टिंगला आम्ही सगळेच करतो तेच केलं: तिचं नाव खोडून स्वतःचं टाकलं. सुर्रकन गेली! मागोमाग होस्टेलच्या पोरांचे रिपोर्ट धडाधड निघाले. डॉ. उज्वलांनी पेढे मागवले. लालमहंमदने घेतला नाही. कुणाचं नाव टाकलं ते विचारलं. सांगितलं, तर स्टुलावर बसूनच राहिला. “ती सुटली, सर,” म्हणाला. “पन तुमी हे काय करून बसलाव?”

अडाण्यांचं काही खरं नाही.

७ मे
भयंकर ऊन. बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या करतोय, घसा कोरडाच. सर्व्हिस पुन्हा अडकली. फाइल माझ्या नावाची. मी रक्त दिलेलंच नाही. स्टाफचा फाजीलपणा, दुसरं काय.

८ मे
दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. आकडे त्या फाइलमधलेच. सलाईन लावलं, पिशवी संपली, जिभेला ओल नाही. छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं — जड. डॉक्टर म्हणतात, छातीत काही नाही.

९ मे
हॉटेलच्या खोलीत पडून. उठता येत नाही. तोंडात माती. थुंकली की परत —
माझी फाइल पुढे ढकला म्हणालो. डॉ. उज्वलांनी ढकलून बघितली, हलत नाही. साखराबाईंची सुटली तशी, दुसऱ्याचं नाव टाकलं तरच जाईल. कोण टाकणार स्वतःचं? लालमहंमद उशाशी बसून असतो. चमच्याने पाणी पाजतो. “जित्ते हाव, सर, तेवढंच धरा.” मूर्ख.

१० मे
वजन वाढतंय. आकडे चढतायत. मरण येत नाही — येणारच नाही —
लॅबला जोडलेला लॅपटॉप पोटावर. माझं नाव खोडलं. या गावात माणसांना काय तोटा —
लालमहंमद पाणी घेऊन येतोय. जिना चढतोय, धापा टाकतोय. त्याचंच नाव टाकलंय. हे एक बटण दाबलं की मी सु—