भिंगरीचा पहिला गोल

तीर्थरूप आक्कास,

पाठच्या भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का, आणि खोकला भावोजींच्या ताब्यात आहे की भावोजी खोकल्याच्या, हे सवडीने कळव. इकडे आम्ही खुशाल आहोत (म्हणजे भिंगरीची आई माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे).

गेल्या रविवारी सकाळी मी देवापुढे बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे पक्षपात मागितला. त्याची हकिकत अशी. तुला ठाऊकच आहे, आपली भिंगरी सतराव्या वर्षी मुलींच्या फुटबॉल क्लबात फॉरवर्ड म्हणून चाचणीवर लागली. फॉरवर्डने गोल करायचा, एवढंच तिचं काम. (बाकीच्या दहाजणी काय करतात ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण त्याही दमतात.) आठ सामने झाले, हिचा गोल एकही नाही. पाच सामने तर शून्य-शून्य बरोबरीत सुटले. मी पडलो दुकानदारांचे तराजू दुरुस्त करणारा माणूस; दोन पारडी समोरासमोर थांबली की मला जेवण गोड लागतं. त्यामुळे मैदानातून प्रसन्न चेहऱ्याने बाहेर पडणारा मी एकटाच असे. एकदा भिंगरीने मारलेला चेंडू समोरच्या गोलकीपरने हवेत असा काही झेलला की मी उठून टाळ्या वाजवल्या. आमच्या बाकावरच्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं. भिंगरीनेही पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी त्यांच्याच बाकावर बसा. तिकडे सावलीही असते."

आता शेवटचा सामना उरला होता. प्रशिक्षक बाईंनी बजावलं होतं की यात गोल झाला तर दोन वर्षांचा करार, नाही तर निरोप. पोरीचं अन्नपाणी सुटलं. तेव्हा तिच्या आईने मला विचारलं, तुम्ही रोज सकाळी देवाकडे मागता तरी काय? मी खरं ते सांगितलं, की दोन्हीकडच्या पोरी सुखरूप राहू देत आणि कुणाचंच मन मोडू नये. तिने हातातली किटली खाली ठेवली. "अहो, मग गोल होणार कसा? समोरच्या पोरींना बाप नाहीत का? त्यांचं ते मागतील की! तुम्ही कशाला सगळ्या मैदानाचा भार वाहता?" त्यानंतर चार दिवस अबोला.

म्हणून रविवारची ती प्रार्थना. आक्का, एकाच बाजूचं मागणं फार अवघड असतं गं. आधी म्हटलं, त्यांच्या गोलकीपरचा पाय घसरू दे. मग वाटलं, पडली तर लागेल. म्हटलं, तिला ऐन वेळी शिंक येऊ दे. मग वाटलं, परक्याच्या लेकीला सर्दी कशाला? शेवटी डोळे घट्ट मिटून एवढंच म्हणालो, "देवा, आज भिंगरीचा गोल होऊ दे," आणि शरमेने घाईघाईत उठलो.

झाला. अकराव्या मिनिटाला झाला. आपल्या गोलपुढची गर्दी मोडायला ती मागे धावत आली, चेंडू तिच्या गुडघ्याला लागला आणि सरळ आपल्याच जाळ्यात गेला. कुठल्या बाजूला, हे देवाला सांगायचं माझ्याकडूनच राहिलं होतं.

भिंगरी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचे ओठ थरथरताना मला इतक्या लांबून दिसले. मग मला काय झालं कोण जाणे, मी बाकावर चढून ओरडलो, "भिंगरे, तिकडे! तिकडे मार!" आणि हात लांब करून दिशा दाखवली. सगळं मैदान हसलं, पंचसुद्धा. तीही हसली, डोळे पुसत. त्यानंतर तिने त्या दिशेला एक गोल केला, आणि सामना संपत आला तेव्हा आणखी एक. त्यांची गोलकीपर दोन्ही वेळा जिवाच्या कराराने झेपावली होती, बिचारी. मी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो.

बाई नंतर म्हणाल्या, "एका सामन्यात तीन गोल करणारी मुलगी मला चालेल. दिशेचं मी बघते."

आता प्रश्न सहीचा. भिंगरी सज्ञान नाही, तेव्हा करारावर बापाची सही हवी, आणि दोन वर्षं तिला क्लबाच्या वसतिगृहात राहावं लागेल. इकडे भावोजींनी तिच्यासाठी कचेरीत जागा धरून ठेवली आहे. बसून काम, डोक्यावर पंखा, गुडघ्याला काही लागण्याची भीती नाही. तू थोरली. मला शाळेत हाताला धरून तूच नेलंस. तू म्हणशील तसंच मी करीन. सही करू की नको? उत्तराची वाट पाहतो.

तुझा धाकटा

ता. क. उत्तराची घाई नाही.

ता. क. दुसरा. भिंगरीच्या आईने पत्र वाचलं आणि म्हणाली, वन्सांना उगाच झुलवत ठेवू नका. तर भावोजींना सांग, त्या जागेवर दुसऱ्या कुणाला घ्यावं. ते रागावतील, तेव्हा माझी बाजू तू सांभाळून घे. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र. सही मी सोमवारीच केली (पेन दोनदा झटकावं लागलं), आणि परवा सकाळी भिंगरीला वसतिगृहात पोचवून आलो.